माटोळीतल्या सफरचंदांचा सॉस

चवथ आटोपली, गणपती पोचवून ओल्या कपड्यांनी घरी आलो की आमच्याकडे पुढचं काम माटोळी सोडवण्याचं. माटोळी म्हणजे गोव्यात गणपतीच्या वर टांगतात ती फळांनी भरलेली लाकडी चौकट. मी स्टुलावर चढून एकेक गाठ सोडतो, आई खाली सूप घेऊन उभी असते. नारळ आणि सुपारीचे घड एका बाजूला, तोरिंगं, चिबूड, आंबाडे दुसऱ्या बाजूला, सुकलेल्या घागऱ्या आणि कवंडाळं ही रानफळं माडाच्या आळ्यात. शेवटी हातात येतात ती सफरचंदं. रानात आणि कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, जे पिकलं ते देवापुढे टांगायचं, अशी खरी माटोळी. सफरचंद आपल्याकडे पिकत नाही, तरी लाल रंग शोभतो म्हणून हल्ली घरोघर चार-पाच टांगलेली असतातच. वर दर्शनाला येणारे पिशवी भरून आणतात ती वेगळीच. पाच दिवस समया आणि विजेच्या माळांच्या उबेत राहून ती मऊ पडतात. चावलं की तोंडात पीठ. मुलं हात लावत नाहीत आणि देवापुढचं फळ टाकायला आपलं मन होत नाही.

या फळांचा सॉस करा. सॉस म्हटल्यावर टोमॅटोची लाल बाटली डोळ्यांपुढे आणू नका. यात व्हिनेगर नाही, लसूण नाही, मिरची नाही. सफरचंद शिजवून केलेला मऊ गर, एवढंच. अमेरिकेत तो बाळाच्या पहिल्या घासापासून डुकराच्या मांसाच्या ताटापर्यंत कुठेही दिसतो. कधीही स्वयंपाकघरात न गेलेल्या माणसालाही पहिल्या खेपेला जमेल असा पदार्थ आहे. अडचण येते ती उलट ज्यांना स्वयंपाक येतो त्यांना, आणि गोव्यात तर हमखास.

मांगाडाची सवय आड येते

आपल्याकडे फळ शिजवायचं म्हटलं की हात मांगाडाच्या, म्हणजे आंब्याच्या जॅमच्या वळणावर जातो. मुसराद आंब्याचा गर, त्यात सढळ साखर, मंद आचेवर तास-दीड तास ढवळणं, रंग गडद झाला आणि गोळा कडेनं सुटू लागला की उतरवायचं. मीही पहिल्यांदा हेच केलं. एक किलो सफरचंदाला पाऊण किलो साखर घातली, वर दोन वाट्या पाणी ओतलं, मग ते पाणी आटवत बसलो. तासाभरानं पातेल्यात तपकिरी, चिकट, दाताला चिकटणारं काहीतरी तयार झालं. मावशीनं बोटावर घेऊन चाटलं आणि म्हणाली, "जॅम बरा झालाय रे. पण सफरचंद कुठे आहे यात?"

तिचं बरोबर होतं. मांगाडात किंवा जॅममध्ये साखर फक्त गोडीसाठी नसते. तीच पदार्थ टिकवते. फळातलं पाणी साखर धरून ठेवते, त्यामुळे बुरशीला वाढायला पाणीच उरत नाही. म्हणून जॅममध्ये साखर आणि इतर विरघळलेले घटक मिळून साधारण 65 टक्के असावे लागतात. सॉसला तसलं टिकणं नकोच आहे. तो ताज्या फळाचा पदार्थ. आज केला, आठवड्यात संपला. तेव्हा मांगाडाच्या तीन गोष्टी आधी विसरा: भरपूर साखर, लांबलचक शिजवणं आणि फडताळात ठेवणं. आणि वरून ओतायचं भरपूर पाणीही. सफरचंदात 85 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, ते बाहेर काढलं की झालं.

कोणती घ्यायची, कोणती टाकायची

आपल्या बाजारात दिसणारं लाल, खाली पाच टेंगळं असलेलं सफरचंद बहुतेक डेलिशस घराण्यातलं. मूळ अमेरिकेतले सत्यानंद स्टोक्स यांनी 1916 च्या सुमारास शिमल्याजवळच्या कोटगढ भागात ही कलमं लावली आणि हिमाचलच्या बागा तिथून पसरल्या. हिमाचलचा हंगाम जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, काश्मीरचा त्याला लागूनच. म्हणजे नेमकी आपल्या चवथीच्या आसपास ताजी फळं येतात. मार्च-एप्रिलमध्ये मिळतं ते शीतगृहातून आलेलं. त्याचाही सॉस होतो, वास मात्र थोडा कमी लागतो.

डेलिशस गोड असतं आणि पटकन विरघळतं, पण नुसत्या त्याचा सॉस एकसुरी लागतो. चार लाल सफरचंदांमागे एक हिरवं, आंबट ग्रॅनी स्मिथ टाकलं की चव उभी राहते. हिरवं महाग वाटलं तर लिंबू आहेच. पिवळं गोल्डन डेलिशस मिळालं तर सोडू नका, एकट्याच्या बळावर सगळ्यात छान सॉस त्याचाच होतो. फुजी घट्ट असतं, त्याला शिजायला जास्त वेळ द्यावा लागतो. चकचकीत, सारख्या आकाराची, एकेक स्टिकर लावलेली महाग फळं यासाठी विकत घेणं मला तरी पटत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी सरळ विचारतो, मार लागलेली आहेत का? असतात. स्वस्तात देतात.

आता जपायची गोष्ट. मऊ पडलेलं, सुरकुतलेलं, आपटून तपकिरी डाग पडलेलं सफरचंद चालतं. डाग कापून टाकायचा. पण कुजलेलं आणि बुरशी आलेलं फळ अख्खं फेकायचं. कुजका भाग काढून बाकीचं शिजवलं तर काय बिघडतं, असं आमच्याकडेही कुणीतरी म्हणतंच. सफरचंदावर येणारी निळसर बुरशी पॅट्युलिन नावाचं विष तयार करते, ते डागाच्या बाहेरच्या गरातही उतरतं आणि शिजवून पुरतं जात नाही. माटोळीत हे जास्त घडतं, कारण दोरा देठाला करकचून बांधलेला असतो आणि तिथेच साल फुटून पाणी शिरतं. म्हणून देठाची खळगी नीट बघा, आणि कापल्यावर आतला बियांचा भागही. बाहेरून लालबुंद आणि आत काळं, अशी फळं मला दरवर्षी दोन-तीन तरी सापडतात. माटोळीच्या आसपास डासांचा किंवा मुंग्यांचा फवारा मारला असेल तर ती फळं खायला घेऊच नका.

धुण्यात आळस नको. बाजारातल्या फळावर मेणाचा पातळ थर असतो, माटोळीतल्यावर शिवाय कुंकू, उदबत्तीची राख, धूळ. कोमट पाण्यात हातानं चोळून धुवा, फडक्यानं पुसा.

सामान

मध्यम आकाराची सहा-सात सफरचंदं म्हणजे साधारण किलोभर. अर्धी वाटी पाणी. एका लिंबाचा रस. चिमूटभर मीठ. दालचिनीचा दोन इंची तुकडा, हवा तर. साखर किंवा गूळ बाजूला ठेवा, ती शेवटी लागली तर. किलोभर फळांचा साधारण पाऊण किलो सॉस होतो.

भांडं जाड बुडाचं, स्टीलचं. फळ आंबट असल्यामुळे बिनकल्हईचं पितळ किंवा तांबं, आणि लोखंडी कढईसुद्धा नको. चव बदलते, रंग काळपटतो. ढवळायला लाकडी डाव. आणि घरात पुरणयंत्र असेल तर ते फडताळातून खाली काढा, कशाला ते पुढे सांगतो.

कृती

आधी रिकाम्या पातेल्यात अर्धी वाटी पाणी आणि लिंबाचा रस एकत्र करून ठेवा. सफरचंद कापलं की हवा लागून लालसर-तपकिरी पडतं. लिंबाच्या आंबटपणानं ते थांबतं. एकेक फळ कापून त्यातच टाकत गेलं की शेवटचं कापेपर्यंत पहिलं काळं पडत नाही.

साल काढायची की नाही? दोन रस्ते आहेत. साल काढली तर सॉस फिकट, एकसारखा होतो आणि नंतर गाळायची कटकट नाही. पण सालीत रंग असतो, सुगंध असतो आणि पेक्टिनही असतं, म्हणजे जो पदार्थ सॉसला दाटपणा देतो तो. मी साल ठेवतो आणि शेवटी सगळं पुरणयंत्रातून काढतो. जाळीखाली गुळगुळीत, किंचित गुलाबी गर पडतो, वर साली राहतात. परदेशात यासाठी हातानं फिरवायचं वेगळं यंत्र विकत घेतात. आपल्याकडे होळीला पुरण वाटलं की वर्षभर ते डब्यात पडून असतं. पुरणयंत्र नसेल तर साल काढा, सोपं पडेल.

बिया मात्र दोन्ही रस्त्यांत काढायच्याच. चार फोडी करा, मधला कडक भाग सुरीनं तिरका कापा, बिया त्याच्याबरोबर निघतात. बियांत ॲमिग्डालिन असतं, त्या चिरडल्या की त्यातून सायनाइड तयार होतं. चुकून एखादी गिळली तर घाबरायचं कारण नाही, पण वाटणात मुद्दाम घालायचं सामान नव्हे.

फोडी साधारण एकसारख्या, अंगठ्याएवढ्या जाडीच्या करा. लहान-मोठ्या झाल्या तर लहान विरघळून जातात आणि मोठ्या मध्येच टणक राहतात. मीठ आणि दालचिनी टाका. पातेलं मध्यम आचेवर ठेवा, झाकण घाला. पाण्याला उकळी आली की आच अगदी बारीक करा.

पहिली पाच मिनिटं वाटतं की काहीच होत नाही, पाणी कमी पडलं. इथेच हात राखायचा. झाकण उघडून वर पेलाभर पाणी ओतण्याचा मोह मलाही आवरला नव्हता. आठ-दहा मिनिटांनी बघा: फोडींच्या कडा काचेसारख्या पारदर्शक झालेल्या असतात, पातेल्यात आपण घातलं त्याहून जास्त पाणी दिसतं आणि घरभर वास सुटतो. ते पाणी फळाचंच. एकदा तळापासून वर ढवळून घ्या आणि परत झाकण ठेवा. एकूण 15 ते 20 मिनिटं लागतात. माटोळीतली मऊ फळं बारा मिनिटांतही होतात.

शिजलं का ते बघायला एक फोड डावानं पातेल्याच्या कडेला दाबा. आपसूक चिरडली, मध्ये गाठ लागली नाही, की झालं.

एवढ्यात दाराशी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा वाजेल. वाजू दे. मी एकदा पोयी (आपला गोल पाव) घ्यायला म्हणून उठलो, दोन शब्द बोललो, परत येईतो तळ लागला होता. करपलेला वास सगळ्या गरात शिरतो आणि दालचिनी वाढवून लपत नाही. तळ लागलाच तर खरवडू नका. वरचं वर दुसऱ्या भांड्यात काढून चाखून बघा. वाचलं तर वाचलं.

आच बंद करा, दालचिनीचा तुकडा काढा, पाच मिनिटं निवू द्या. मग पुरणयंत्र, किंवा साल काढली असेल तर रवी, किंवा पावभाजीचा मॅशर. मिक्सरही चालतो, पण गरम गर घट्ट झाकणाच्या भांड्यात फिरवू नका. वाफेनं झाकण उडतं आणि हात भाजतो. शिवाय मिक्सरमध्ये जास्त फिरवलं की सॉस बाळाच्या पेजेसारखा सपाट होतो. मला अधूनमधून लहान तुकडा दाताखाली आलेला आवडतो, म्हणून अर्धा भाग मी नुसता डावानं चेचतो.

आता दाटपणा. चमचाभर सॉस ताटलीवर टाका, मिनिटभर थांबा. भोवती पाण्याचं कडं सुटलं तर अजून पातळ आहे. पातेलं परत आचेवर ठेवा आणि झाकण न ठेवता चार-पाच मिनिटं ढवळा. सावकाश! दाट गर उकळताना पिठल्यासारखा फटफट उडतो आणि थेंब मनगटावर बसला की चटका आमटीच्या दुप्पट, कारण तो ओघळून जात नाही, चिकटून बसतो. लांब दांड्याचा डाव घ्या, झाकण ढालीसारखं तिरकं धरा. सॉस गार झाल्यावर आणखी दाटतो, तेव्हा हवा त्यापेक्षा किंचित पातळ असतानाच उतरवा. फार घट्ट झाला तर दोन चमचे गरम पाणी, झालं काम.

साखर सगळ्यात शेवटी

कोमट झाल्यावर चाखा. गरम असताना गोडी आणि आंबटपणाचा अंदाज नीट येत नाही. लाल सफरचंदांना बहुधा साखर लागतच नाही. आंबट फळं जास्त असली तर किलोला दोन-तीन मोठे चमचे पुरतात. गूळ घातला तर रंग तपकिरी होतो आणि चव गुळाचीच पुढे येते. पोळीबरोबर बरी, केकमध्ये नको. गोडी सपाट वाटली तर साखर नव्हे, लिंबाचे चार थेंब आणखी पिळून बघा. बहुतेक वेळा कमी पडलेलं असतं ते हेच.

मसाल्याचं ज्याचं त्यानं ठरवावं. कुळागरातलं जायफळ घरी असेल तर किसणीवर दोनदाच घासा. जास्त झालं तर सफरचंद मागं पडतं. दालचिनीची पूड घालण्यापेक्षा अख्खा तुकडा बरा, पुडीनं रंग मळतो. वेलची मला यात पटत नाही, लगेच शिऱ्याची आठवण येते. एकदा लिंबाऐवजी भिरंडीचं आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस, घालून पाहिलं. रंग सुरेख आला. पण आगळात मीठ असतं हे विसरलो होतो, आणि तो सगळा सॉस शेवटी लोणच्यासारखा जेवणात वाढला.

घाई असेल तर कुकर

फोडी, पाव वाटी पाणी, लिंबू, एक शिटी. वाफ आपोआप जिरू द्या, शिटी उचलून सोडू नका. गर वर येऊन वाटेत अडकतो. कुकर अर्ध्याहून जास्त भरायचा नाही. चव पातेल्यातल्याइतकी येत नाही, कारण जादा पाणी उडून जायला वाव मिळत नाही. पण सहा किलो फळं समोर असली की मी तक्रार करत नाही.

ठेवायचा कसा

गोव्याचा पावसाळा या पदार्थाचा वैरी आहे. चवथीच्या दिवसांत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, पापड लवतात, चामड्याच्या चपलेवर दोन दिवसांत पांढरी लव येते. तिथं साखर नसलेल्या फळाच्या गराचं काय होईल! ओट्यावर रात्रभर विसरलात तर सकाळी खाऊ नका.

काचेची बरणी आणि झाकण धुवून पाण्यात दहा मिनिटं उकळा, फडक्यावर उपडी ठेवून कोरडी करा. बरणी गरम असतानाच गरम सॉस भरा. थंड काचेत उकळता सॉस ओतला तर ती तडकते. निवला की लगेच फ्रीजमध्ये. आठवडाभर उत्तम राहतो, फार तर दहा दिवस. दरवेळी कोरडा, स्वच्छ चमचा. वर बुरशीचा एक ठिपका दिसला तरी अख्खी बरणी फेका. वरचं काढून खालचं वापरायची मांगाडाची युक्ती इथे करू नका.

जास्त दिवस हवा असेल तर फ्रीझर. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवायचा, मग वड्या पिशवीत काढून तारीख लिहायची. एक वडी म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, लागेल तेवढीच काढता येते. सहा महिने चव चांगली राहते. डब्यात गोठवणार असाल तर वर बोटभर जागा सोडा, गोठताना तो फुगतो. पावसात वीज लांबली आणि वड्या पुऱ्या वितळल्या तर परत गोठवू नका. त्याच दिवशी संपवा.

परदेशात बरण्या बंद करून उकळत्या पाण्यात बुडवून ठेवतात, अर्धा लिटरची 15 मिनिटं आणि लिटरची 20 मिनिटं, समुद्रसपाटीच्या हिशोबानं. फळ आंबट असल्यामुळे ही रीत सुरक्षित धरली जाते. पण त्याला हवाबंद होणारी खास झाकणं लागतात, दरवेळी नवी. लोणच्याची किंवा जॅमची रिकामी बरणी घेऊन हा प्रयोग करू नका.

कशाबरोबर

पहिला सॉस करून झाला की पोयी गरम असतानाच फाडून त्याबरोबर खा, वर लोण्याचा गोळा. दह्यात कालवून, नाचणीच्या आंबोळीबरोबर, उपासाच्या थालीपीठाबरोबर, सगळीकडे जातो. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू केलेल्या बाळासाठी करायचा असेल तर मीठ, साखर, मसाला काहीच नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच नको.

आमच्या घरी सगळ्यात जास्त खपतो तो केकमध्ये. अंडं न खाणारे पाहुणे असले की एका अंड्याऐवजी पाव कप सॉस. केक ओलसर आणि मऊ होतो, फार फुगत मात्र नाही. म्हणून एक-दोन अंड्यांच्या केकलाच ही अदलाबदल करा, चार अंड्यांच्या केकमध्ये केलीत तर मध्ये खड्डा पडेल. पुरणयंत्राच्या जाळीवर राहिलेल्या साली आई दोन पेले पाण्यात आल्याच्या तुकड्याबरोबर उकळते, गाळते आणि गरम गरम पिते. उरलेला चोथा परत त्याच माडाच्या आळ्यात, घागऱ्यांच्या शेजारी.